बघू म्हणाले

१७ एप्रिल १९९४, रविवार. फळा काळा करायचा होता. जुन्या सेलमधली काळी पूड आणि वाटलेला कोळसा सरसात कालवून मी अंगणात बसले होते आणि आडव्या टाकलेल्या फळ्यावर फडक्यानं रंग ओढत होते. ऊन चढायच्या आत पहिला हात द्यायचा, वाळला की दुसरा. तारीख लक्षात राहिली ती मात्र फळ्यामुळे नाही. लग्नानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा सासऱ्यांशी समोरासमोर बोलले.

तोवर आमचं भांडण होतं असं नाही. बोलणं भरपूर व्हायचं, फक्त ते सासूबाईंच्या तोंडून व्हायचं. लातूरच्या त्या घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही, ही पद्धत होती. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, पण ते इतरांपाशी. त्यांच्या तोंडावर हाक मारायचा प्रश्नच नव्हता. सासूबाई म्हणजे आत्याबाई. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायच्या, कारण तिथून दोन्हीकडे तोंड फिरवता यायचं. मामा ओसरीवर, मी गॅसपाशी, मधे एक भिंत आणि त्या भिंतीला सताड उघडं दार.

“तिला म्हणावं, चहात साखर कमी टाक.”

“साखर कमी टाक म्हणायलेत.”

“टाकलीच नाही अजून, सांगा त्यांना.”

“अजून टाकली न्हाई म्हणती.”

माझं वाक्य मामांना पहिल्या वेळीच ऐकू गेलेलं असायचं. तरी आत्याबाईंचं सांगून होईपर्यंत ते थांबायचे आणि मग “बरं” म्हणायचे. ते बरंसुद्धा आत्याबाई माझ्यापर्यंत आणून पोचवायच्या. सकाळच्या घाईत एका कपासाठी एवढी ये-जा. मला वैताग यायचा आणि तो दाखवायची सोय नव्हती, कारण दाखवायचा म्हटलं तरी आत्याबाईंमार्फतच दाखवावा लागला असता.

मी नांदेडची. आमच्या घरी वडील ओरडून बोलायचे, आई त्यांच्यावर ओरडायची, आणि जेवायच्या वेळेपर्यंत विषय संपलेला असायचा. तिथंच बी.ए., तिथंच बी.एड. केलं. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, तिकडे अशी अशी पद्धत आहे, वर्षभर पाळ, पुढं आपोआप सुटेल. काही सुटलं नाही. उलट गंमत अशी झाली की नवऱ्याची बदली नांदेडला झाली. तो माझ्या गावात एक खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी एस.टी.नं अहमदपूरमार्गे लातूरला यायचा. मी त्याच्या गावात त्याच्या आईवडिलांपाशी. एकुलता एक मुलगा, म्हाताऱ्यांना एकटं कसं टाकायचं, वगैरे. आता त्यात शिरत नाही.

घरात बसून राहणं मला जमलं नसतं. पुढच्या खोलीत मी इंग्रजी व्याकरणाचे वर्ग घ्यायला लागले होते. आठवी ते दहावी. लातुरात त्या दिवसांत क्लासचं पीक आलं होतं. गूळ मार्केटपासून स्टँडपर्यंत जिथं बघावं तिथं पाट्या, आणि खेड्यांतून आलेली पोरं चार-चार जण एका खोलीत राहायची. त्यात मोठमोठ्या हॉलमध्ये माईक लावून शिकवणारेही होते. माझ्याकडे माईक नव्हता, पण एक गोष्ट पालकांत पसरली होती: डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकायचं असेल तर त्या बाईंकडे घाला.

होय, मी तेच शिकवत होते. एकानं बोललेलं दुसऱ्यानं कसं सांगायचं. अवतरणचिन्हं काढा, मधे ‘दॅट’ घाला, ‘आय’चा ‘ही’ करा. ‘नाऊ’चं ‘देन’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’. पोरं पाढ्यासारखं म्हणायची. मी सतत बजावायची: शब्द बदलतील, माणूस बदलेल, काळ एक पायरी मागे जाईल, पण बोलणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते हलता कामा नये. ते हललं की मार्क गेले.

शिरूर अनंतपाळची एक पोरगी होती, दहावीत जाणारी, मामेबहिणीबरोबर खोली करून राहायची. तिला नियम पाठ असायचे आणि तरी शंका असायच्या.

“मॅडम, वाक्यात ‘हुर्रा’ असलं की ‘विथ जॉय’ लिहायचं, आणि ‘अलास’ असलं की ‘विथ सॉरो’. पण लातुरात ‘अलास’ कोण म्हणतंय?”

वर्ग हसला.

“भूकंपाच्या वेळी आमच्या गल्लीत सगळे नुसतं पळा पळा म्हणायले होते. त्याचं काय करायचं?”

“ती आज्ञा आहे. ‘ऑर्डर्ड देम टु रन’.”

“ऑर्डर नव्हती मॅडम ती.”

“पेपरात तेच लिही,” मी म्हणाले. त्या दिवशी मला अजून बरंच शिकवायचं होतं.

तर भूकंप. गणपती विसर्जनाच्या रात्रीची ती पहाट. किल्लारीकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी ते पुन्हा लिहीत बसणार नाही. आमचं घर उभं राहिलं. पुढच्या खोलीच्या भिंतीला मात्र कोनाड्यापासून वर तुळईपर्यंत चीर गेली. ती खोली जुन्या माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. भूकंपाआधी लोक म्हणायचे, थंडगार असते. भूकंपानंतर पालक दारातूनच विचारायला लागले, “वर माती हाय का? मग पोरगं तिथं बसवू नका बाई.” त्यांचं बरोबर होतं. मीही बसवलं नसतं. दसऱ्यानंतर मी वर्ग अंगणात घ्यायला लागले. हिवाळ्यात ते निभतं. उन्हाळ्यात निभत नाही, आणि पावसाळ्यात तर नाहीच.

घरामागं परसात मोकळी जागा होती. चार अँगल उभे करून वर पत्रा टाकला की झालं. तेव्हा सगळ्या लातूरला पत्र्याचंच वेड लागलं होतं; पत्रा हलका, पडला तरी माणूस मरत नाही. शाळा जूनला सुरू व्हायच्या आत शेड उभं राहिलं तर माझी पोरं माझ्याकडे टिकली असती. नाही राहिलं तर ती माईकवाल्या हॉलमध्ये जाणार, आणि एकदा गेलेलं पोर परत येत नाही. शेड नाही तर क्लास नाही, इतकं ते साधं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “जागा बाबांची आहे, आईला विचारायला सांग.”

आईला, म्हणजे आत्याबाईंना, मी दिवाळीत सांगितलं. त्या परसात मामांकडे गेल्या, परत आल्या.

“काय म्हणाले?”

“बघू म्हणाले.”

संक्रांतीला पुन्हा विचारलं. “उन्हाळा लागू दे म्हणाले.” पाडव्याला तिसऱ्यांदा. आत्याबाई पुरणाला चाळण लावत होत्या; मान वर न करता म्हणाल्या, “होईल की म्हणाले.”

बघू, मग उन्हाळ्यात, मग होईल. हळूहळू पण सरळ होकाराकडे निघालेली गाडी. मी औसा रोडच्या एका वेल्डरला सांगून ठेवलं, रविवारी येऊन माप घेऊन जा.

नेमक्या त्या आठवड्यात आत्याबाई जळकोटला बहिणीकडच्या लग्नाला गेल्या. नवरा त्या शनिवारी आला नाही. घरात मी आणि मामा, मधे कुणी नाही. त्यावरही पद्धतीत उपाय होता. मामा माठाशी बोलायचे.

“पाणी गार हाय का न्हाई, काय माहीत,” ते माठाकडे बघून म्हणायचे.

“माठ कालच धुतलाय,” मी माठाला सांगायची.

“जेवायची वेळ झाली वाटतं.”

“ताट वाढलंय.”

शेजारी एक खाला राहायची. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा, आणि खाला स्वतः ब्लाऊज शिवायची. आत्याबाई जाताना तिला लक्ष ठेवायला सांगून गेल्या होत्या. ती परसाच्या बुटक्या भिंतीवरून सगळं ऐकायची आणि हसून हसून लाल व्हायची. “अगे, माठ जवाब देगा एक दिन, देख!”

रविवारी फळ्याला पहिला हात देऊन होतोय तोच वेल्डर लुनावरून आला. मी तशाच काळ्या हातांनी त्याला परसात घेऊन गेले.

परसात मधोमध मामांची खाट होती. कडुनिंबाच्या सावलीत ते तिच्यावर बसून पेपर वाचत होते. भूकंपानंतर सगळं लातूर उघड्यावर झोपत होतं, त्यात नवल नव्हतं. थंडी पडल्यावर बहुतेक लोक आत गेले. मामा गेले नाहीत. पौषात डोक्यावरून दोन घोंगड्या घेऊन ते तिथंच. मी आत्याबाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, “आत उकडतंय म्हणायलेत.” पौषात काय उकडतं, असं मनात आलं होतं, पण पुढं कुणाला विचारणार?

“राम राम काका,” वेल्डर म्हणाला. “खाट जरा बाजूला घेतो. माप घ्यायचंय.”

“कशाचं माप?”

“शेडचं. ताईंनी बोलावलंय.”

मामांनी पेपरची घडी घातली, मांडीवर ठेवली. मी तिथंच उभी होते, मधे एक खाट फक्त. त्यांनी वेल्डरकडे बघून सांगितलं, “तिला म्हणावं, इथं काही उभं राहणार न्हाई.”

वेल्डर माझ्याकडे वळला. “ताई, काका म्हणायलेत की...”

“ऐकलं मी. त्यांना विचारा, मग पाडव्याला होईल असं कसं म्हणालात?”

वेल्डर तिकडे वळला. “काका, ताई विचारायल्यात...”

“ऐकलं. तिला सांग, मी असं कधीच म्हणलो न्हाई.”

वेल्डरनं टेप खिशात घातला आणि पुन्हा काढला. “मला आधी हे सांगा, मी माप घेऊ का घरी जाऊ?”

भिंतीवरून खालाचं डोकं वर आलं. “अगे, वो बेचारा पत्रे का काम करता, तारघर का नै! सीधा बोल ना ससुरे कु!”

त्यावर वेल्डर हसला आणि माझं डोकं फिरलं. सगळं जग हसतंय, जून जवळ आलाय आणि मी एका वेल्डरला डायरेक्टचं इनडायरेक्ट करायला लावतेय.

“मामा,” मी म्हणाले. “मी दिवाळीत विचारलं होतं. तुम्ही बघू म्हणालात. संक्रांतीला उन्हाळ्यात म्हणालात. पाडव्याला होईल म्हणालात. त्यावर विसंबून मी याला बोलावलं.”

मामा माझ्याकडे बघेनात. ते वेल्डरच्या हातातल्या टेपकडे बघत होते. मग टेपकडेच बघत, पण मला म्हणाले:

“दिवाळीतच न्हाई म्हणून सांगितलं मी. तीनदा विचारलं, तीनदा न्हाई म्हणलो. तहसीलमध्ये पेशकार होतो. आयुष्यभर लोकांचे जबाब लिहून घेतले. मी काय बोललो ते मला माहीत हाय.”

“मग माझ्यापर्यंत बघू कसं आलं?”

“ते तिला विचार.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अन् तूच म्हणालीस ना, शेड काय, कुठंही होईल, मामांची झोप आधी?”

“मी?”

“हाव. संक्रांतीला. तिनं येऊन सांगितलं. मी म्हणलो, पोरगी समजदार हाय.”

“मी असं अजिबात म्हणाले नाही.”

“मग काय म्हणालीस?”

“जूनच्या आत शेड झालं नाही तर माझा क्लास बंद पडेल, असं म्हणाले.”

मामांनी पेपरची घडी उलगडली, पुन्हा घातली. “हे मला कुणी सांगितलं न्हाई.”

“आता सांगतेय. शेड का नको ते मला सांगा.”

वेल्डरला एकदम कडुनिंबात काहीतरी दिसलं आणि तो वर बघत उभा राहिला. खालाचं डोकं भिंतीमागे गेलं. ती मात्र तिथंच होती, बांगड्या ऐकू येत होत्या.

“आत झोप येत न्हाई,” मामा म्हणाले. “डोळा लागला की भिंत कुरकुरती. उठून दिवा लावून बघतो, तर काही न्हाई. पुन्हा आडवं झालं की पुन्हा. इथं वर आभाळ दिसतं, तर झोप लागती. ही जागा गेली तर मी जाऊ कुठं?”

“रात्री शेडमध्येच झोपा. भिंती नसतील. वर नुसता पत्रा.”

“पत्रा म्हणजे छप्परच की.”

“पत्रा हलका असतो.”

“मला माहीत हाय. तरी न्हाई.”

त्यांनी ते ज्या सुरात सांगितलं त्यावरून कळलं, हा वाद घालून बदलणारा नकार नाही. इतक्या महिन्यांत हाच एक शब्द मला पाहिजे होता, तो मिळाला. दया वगैरे नंतर आली असेल. त्या क्षणी मला एकच दिसत होतं, की दिवाळीत हे कळलं असतं तर मी तेव्हाच दुसरी जागा बघायला निघाले असते आणि एव्हाना पोरं पंख्याखाली बसून ‘नाऊ’चं ‘देन’ करत असती. मी सगळा हिवाळा एका माणसाच्या न बोललेल्या शब्दावर काढला होता.

वेल्डर दारापर्यंत आला तेव्हा म्हणाला, “ताई, एक सांगू का? माझं शेड दहापर्यंत रिकामंच असतंय. खाली लोखंडाचा कीस असतो, वरती पत्रा हाय. सकाळी सकाळी पोरं बसवली तर मला काही अडचण न्हाई.”

माझा मूड नव्हता. वर्कशॉपमध्ये क्लास? “बघू,” मी म्हणाले.

“बघू म्हणजे हो का न्हाई, ताई?”

मला त्याचा राग आला, आणि त्याचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. “उद्या सकाळी सांगते.”

संध्याकाळी आत्याबाई जळकोटहून आल्या. एका हातात बुंदीची पुडी, दुसऱ्या हातात आहेराचं गाठोडं. बातमी त्यांना गल्लीच्या तोंडाशीच मिळाली असणार, कारण चप्पल काढता काढताच त्यांनी विचारलं, “बोललात म्हणे दोघं?”

“बोललो. तुम्ही मला बघू म्हणाले असं का सांगितलंत?”

त्यांनी पाणी प्यायलं, गाठोडं सोडलं, ब्लाऊजपीस एकावर एक ठेवले. “मग काय सांगायचं होतं? न्हाई म्हणलेत म्हणलं असतं तर तू ऐकणार होतीस? नांदेडला फोन केला असतास. शनिवारी पोरगा येऊन बापाशी भांडला असता. ते ताटावरून उठले असते. अन् निरोप पुन्हा माझ्याच बोकांडी.”

“म्हणून खोटं सांगायचं?”

“खोटं काय त्यात? माणूस न्हाई म्हणतंय, ते आजच्या पुरतं म्हणतंय. मला वाटलं, थंडी पडली की आत येतील. न्हाई आले. मग वाटलं, उन्हात येतील. मी बघतच होते की. म्हणून बघू म्हणलं.”

“आणि माझ्या तोंडी काय घातलंत? मामांची झोप आधी?”

“ते त्यांना बरं वाटावं म्हणून. जीवाला बरं वाटलं तर घरात येतील, घरात आले तर परस मोकळं, परस मोकळं तर तुझं शेड. कळलं का? तुझंच काम करायले होते मी.”

मी खाली बसले. सहा वर्षं मी व्याकरण शिकवत होते. इतकं पद्धतशीर रूपांतर कुणी करत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी मऊ करून, दोन्ही बाजूंना समाधान देऊन. आणि मधल्या मधे माझा जून हातचा चालला होता.

“मला निरोप जसाच्या तसा पाहिजे होता, आत्याबाई.”

“मी तुझी सासू हाय, टपालपेटी न्हाई.”

“टपालपेटी बरी पडली असती.”

“मग आण जाऊन,” त्या म्हणाल्या आणि बुंदीची पुडी माझ्यापुढं सरकवली. “त्यांची भीती सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. तुलाच तेवढी न्हाई. एका घरात राहून कधी विचारलंस?”

“विचारणार कसं? बोलायचंच नव्हतं ना!”

ओसरीवरून मामांचा खोकला आला. तो काही आत्ताच येऊन बसलेल्या माणसाचा खोकला नव्हता. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत्याबाईंनी सवयीनं तोंड फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भाकरीचं पीठ काढायला गेल्या. मी फळ्याला दुसरा हात दिला. राग आला की हात चांगला चालतो. फळा एकसारखा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून भाकरी थापल्या, फळ्यावरून बोट फिरवून बघितलं, रंग बोटाला लागत नव्हता. मग परसात गेले. मामा खाटेवर उठून बसले होते, घोंगडी घडी करून उशाशी.

“मामा, परसाची जागा मला नको. मी औसा रोडला बघतेय. भाकरी टोपल्यात आहे, आमटी झाकून ठेवलीय. दुपारी येते.”

त्यांनी मान हलवली. मी ऑटो बोलावून आणला आणि फळा उचलला, तेव्हा ओसरीवरून आवाज आला, “तिला म्हणावं, आडवा बसायचा न्हाई तो. उभा धर म्हणावं.”

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ऐकलं होतं, हे त्यांना दिसत होतं. तरी त्या म्हणाल्याच, “उभा धर म्हणायलेत.”

मी उभा धरला. ऑटोवाला सगळ्या रस्त्यानं कुरकुरत होता की आरशात काही दिसत नाही.

वेल्डर शेडचं कुलूप काढत होता. “हो,” मी म्हणाले.

“काय हो?”

“काल विचारलं होतंत. हो. उद्यापासून, सातला, दहापर्यंत. झाडू कुठं आहे?”

कीस झाडूनं निघेना, जमिनीत रुतलेला. पोतं ओलं करून दोनदा पुसून काढला, तेव्हा कुठं बसण्यासारखं झालं. फळा तारेनं अँगलला बांधला. एका बाजूला भिंत नव्हती, रस्ता दिसत होता. ट्रक गेला की फळा हलायचा, पण चालण्यासारखं होतं. मग मी कुणाजवळ निरोप दिला नाही. पोरं कुठं कुठं राहतात ते मला माहीत होतं. खोल्या-खोल्यांवर चालत गेले. शिरूर अनंतपाळची पोरगी दारात केस विंचरत उभी होती.

“उद्या सातला,” मी तिला सांगितलं. “औसा रोडला, वेल्डरच्या शेडमध्ये. सतरंजी घेऊन ये.”